लंडन ते कराची: माझे चाळीस तास

विलायतेची डाक विमानानं कराचीला उतरू लागली, याचं सरकारला भारी कौतुक होतं. मला संताप येई. नाशकाजवळच्या पेठ तालुक्यातल्या डोंगरी गावांना आठवड्यातून एकदा एक माणूस पायी पत्रं नेऊन देई. त्यांना रोजची डाक हवी होती. चौकशीला डाकेचे अधिकारी नाशकात यायचे होते आणि गावकऱ्यांचं पत्रक मी लिहिणार होतो.

शाळेच्या नकाशावर मी दोरा ताणला. लंडन ते कराची, चार हजार मैलांच्या आसपास. विमान ताशी शंभर मैल जातं असं वाचलेलं. भागाकार केला आणि ठणकावून लिहिलं: चाळीस तास.

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या जुळाऱ्याला सगळे चाचा म्हणत. त्यांनी काढलेल्या प्रुफात सगळा मजकूर होता, पण तासांच्या आकड्याच्या जागी दोन काळे ठिपके. हव्या त्या अक्षराचा खिळा नसला की जुळारी दुसरा उलटा बसवतो, त्याचं बूड असं उमटतं.

"चाचा, आकडे संपले वाटतं तुमचे?"

"भरपूर आहेत, बेटा. खरे तेवढे तू आण."

मी भडकलो. "तुमचं काम जुळवायचं. गणित माझं आहे."

"गणित बरोबर आहे. विमान चुकलंय."

त्यांचा धाकटा भाऊ कराचीच्या एरोड्रोमवर विमानांत पेट्रोल भरायचा. त्याचं उर्दू पत्र चाचांनी मला मराठीत सांगितलं. विमान तेलासाठी जागोजागी उतरतं. रात्री मुक्काम करतं. युरोपातला एक तुकडा तर उतारू आणि डाक चक्क आगगाडीनं येतात. सगळं धरून आठवडा लागतो.

"तुझा दोरा रात्रीपण उडतो," चाचा म्हणाले. "त्याला चहापण लागत नाही."

"आठवडा लिहिला तर पत्रकात राहिलं काय?"

"पेठेकडचं पत्र नाशकात कधी पोचतं?"

"आठ-नऊ दिवसांनी."

"मग? अर्ध्या दुनियेला सात दिवस, एका घाटाला नऊ. एवढं असताना खोटं कशाला लिहितोस?"

मी चाळीस तास खोडून सात दिवस लिहिलं.

चौकशीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी पत्रक हातात घेतलं आणि पहिलं बोट त्याच आकड्यावर ठेवलं. शेजारी विमानडाकेचं छापील वेळापत्रक होतं. दोन्ही ताडून पाहिलं. "सात. ठीक," म्हणाले, आणि गावकऱ्यांकडे वळले. "तुमचं पत्र किती दिवसांनी येतं?"

"नऊ दीस," एक म्हातारबा म्हणाले. "पाऊस आसला तं धरूच नका."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

रोजची डाक मिळाली नाही, आठवड्यातून तीनदा मिळाली. उरलेल्या दिवसांसाठी मी भांडतोच आहे. पण माझे चाळीस तास छापले असते तर ते तीन दिवसही गेले असते, आणि पेठेच्या माणसांपुढं कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो? चाचांचे आभार मानायला गेलो तेव्हा ते एका लग्नाची पत्रिका जुळवत होते. वर न बघता त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. मी बसलो. बोलायचं तेवढं राहूनच गेलं; ते इथं लिहितो.