बाजेवरची एस.टी.

किस्से मुद्दाम जमवावे लागत न्हाईत. शाळेला कुलूप अन् लेकरं घरात, एवढंच पुरतं! माझ्याकडं तर पोतंभर साठलेत.

सत्त्याहत्तर साल सरता सरता मास्तरांचा संप झाला. आमचे मालकही मास्तरच, भोकरदनच्या शाळेत. नऊ वर्षांची नंदा अन् सात वर्षांचा मिलिंद पहिले दोन दिवस आनंदानं नाचले. तिसऱ्या दिवशी डब्याचे ढोल झाले, उशांतला कापूस बाहेर आला. त्यात शेजारच्या पठाणभाभीची रझियाही दिवसभर आमच्याकडंच. सहा वर्षांची, अजून शाळेत नाव घातलेलं नव्हतं.

मी म्हणलं, "अहो, लेकरांना घेऊन बसा की जरा. काही शिकवा."

"बिलकुल न्हाई! मी संपावर हाय. पाटीला हात लावला तर फितूर ठरीन."

"वा! तुमचा संप, अन् माझी डबल ड्यूटी!"

मी चौथी पास. पण मी कुठं संपावर होते?

*

चिंचोक्यांपासून सुरुवात केली. आठ ढीग, प्रत्येकात सात. न मोजता सांगायचं, एकूण किती? जिंकेल त्याला गूळ.

मिलिंद ओरडला, "सात आठे चोपन्न!"

कोपऱ्यात पेपर वाचणारे मालक खोकले. मिलिंद पुन्हा म्हणाला, "चोपन्न!" मालक पुन्हा खोकले, आणखी जोरात. "मंग छप्पन्न?" खोकला एकदम बंद!

असं आठ दिवस चाललं. शेवटी मिलिंद काळजीनं म्हणाला, "आई, बाबांना दवाखान्यात ने. मी पाढे म्हणलो की त्यांना लई त्रास होतो!"

*

मंग आमच्या बाजेची एस.टी. झाली. भोकरदन ते जालना. मिलिंद परातीचं स्टेअरिंग धरून ड्रायव्हर, रझिया कंडक्टर. जुन्या कॅलेंडरची तिकिटं. त्यावर गावाचं नाव लिहिल्याशिवाय गाडी हलायची न्हाई, हा माझा नियम. रझियानं पहिलं अक्षर गिरवलं ते केदारखेड्याचा 'के'.

एक दिवस पठाणभाभी वाटीभर साखर मागायला आली. रझिया आईला ओळखच दाखवीना! "तिकीट घ्या, बाई. मंग बोला."

भाभी मुकाट बाजेवर बसली. गाडी राजूरला थांबली, पंक्चर झाली, टायर बदललं. भाभी कासावीस.

"अगे मा, गाडी जल्दी चलाव! घर पे मेरी दाल जल री!"

रझिया शांतपणे म्हणाली, "मधे उतरता येत न्हाई. तिकीट जालन्याचं हाय."

*

पुस्तकं सगळी वाचून झाली. मंग किराणा बांधून आलेले पेपरचे तुकडे वाचायला घेतले. बातमी नेमकी मधेच फाटलेली असायची. पुढचं लेकरांनी सांगायचं. दुपारी गल्लीतल्या बायाही निवडायचं सूप घेऊन ऐकायला यायला लागल्या.

एकदा नंदानं वाचलं, "गाभण म्हैस विहिरीत पडली आणि..." इथं कागद संपला. पोरीनं पुढं अशी रंगवली की काय सांगू! दोरखंड आले, सगळं गाव जमलं, म्हशीचे डोळे भरून आले. बायांच्या हातातलं धान्य हातातच राह्यलं. तिन्हीसांज झाली म्हणून गोष्ट तिथंच थांबवली.

दुसऱ्या दिवशी मी उठून सडा टाकून राह्यले होते, तर भाभी धावत आली. मी घाबरले.

"क्या हुआ, भाभी?"

"वो भैंस निकली क्या बाहर?"

*

संप मिटला. जूनमध्ये रझियाचं नाव घालायला भाभीसोबत मीही शाळेत गेले. हेडमास्तर खुर्चीत, रजिस्टर आमच्या मालकांपुढं. वय पटवायला रझियानं डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला. हेडमास्तरांनी सहज फळ्याकडं बोट केलं. पोरीनं सुविचार घडाघडा वाचला, तारीखही वाचली. वर फळ्यावर मांडलेली मुलांची हजेरी बेरजेसकट तपासून सांगितली!

हेडमास्तर चाट. "मागची शाळा कोणती हिची? तो रकाना भरा, मास्तर."

रझियानं माझ्याकडं बोट केलं.

मालकांनी लग्नापासून मला 'अगं' अन् पोरगी झाल्यावर 'नंदाची आई' एवढंच म्हणलेलं, नावानं कधीच न्हाई. चारचौघात तर तेही न्हाई. त्यांनी दौतीत टाक बुडवला अन् सावकाश, शिरोरेघ ओढून लिहिलं.

हेडमास्तर वाकून बघायला लागले. "मास्तर, हे काय? 'कौसल्याबाई'?"

मालकांनी टीपकागद दाबला.

"बराबर हाय, सर."