नाहीलॉन

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. एका माणसाचा चांगला लेख मी बिघडवला, आणि तो त्याच्याच हस्ताक्षरामुळे बिघडला असं त्याला सांगितलं. त्याने ते खरं मानलं. आज जास्त बोचतं ते हे, की त्याने खरं मानल्यावर मला बरं वाटलं होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात मी प्रशासन विभागात होतो. मूळचा घाटावरचा, आणि शुद्धलेखनाचा रोगी. कॅन्टीनमध्ये कुणीतरी भाबडेपणाने 'पाणि जपुन वापरा' असा कागद चिकटवला होता. मी जेवण थंड होऊ दिलं, पण ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्याशिवाय घास घेतला नाही. पाणी तसंच वाहत राहिलं. कामगार म्हणायचे, "हे साहेब नोटीस वाचत नाहीत, तपासतात." मला ती स्तुती वाटायची.

अशात ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासमोर नारळ फुटला, पडद्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, आणि आमच्या मॅनेजरसाहेबांनी भाषणात सांगितलं, "माणूस चुकतो. हे मशीन चुकत नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. चपला खोलीबाहेर काढायच्या असा नियम झाला. आत एसी, बाहेर वेगवेगळ्या प्लांटचे वास घेऊन आलेले बूट. पण मशीनला धूळ चालत नव्हती, आम्हाला चालायची.

मशीन शिकायला मला स्टेशनजवळच्या एका क्लासला पाठवलं. खाली भांड्यांचं दुकान, वर क्लास. त्यामुळे वरती आम्ही फाईल 'सेव्ह' करत असताना खाली कुणीतरी पातेलं वाजवून बघत असे. शिकवणारी मुलगी पालघरची, माझ्यापेक्षा निदान पंधरा-वीस वर्षांनी लहान. आम्ही तिला मॅडम म्हणायचो आणि ती सगळ्यांना सरसकट काका. मला ते काका आवडत नसे.

पहिले काही दिवस फार मानहानीचे गेले. मध्येच एखादं राहिलेलं अक्षर घालायला जावं, तर पुढची अक्षरं एकेक करून नाहीशी व्हायची. 'आपला विश्वासू'मध्ये मी साधी मोकळी जागा वाढवायला गेलो आणि विश्वास गेला, 'सू' उरला. "काका, इन्सर्ट चालू करा," मॅडम म्हणाली. "नाहीतर नवीन अक्षर जुन्याच्या डोक्यावर बसतं." मग ब्लॉक शिकलो. मजकुराच्या सुरुवातीला एक खूण, शेवटी एक खूण, आणि मधला अख्खा परिच्छेद उचलून दुसरीकडे. या खेळाची मला इतकी गोडी लागली की कंपनीच्या सेवानियमांत निवृत्तीचा परिच्छेद नेमणुकीच्या आधी जाऊन बसला. मॅनेजरसाहेबांनी पानोपानी सह्या केल्या. आमच्याकडे माणूस आधी निवृत्त होऊन मग कामाला लागायचा, हे वर्षभर कुणाच्याही लक्षात आलं नाही.

आणि मग ती आज्ञा शिकलो. कंट्रोल दाबून क्यू, मग ए. मशीन विचारतं, काय शोधू? आपण सांगायचं. मग विचारतं, त्या जागी काय घालू? आपण सांगायचं. शेवटी विचारतं, कसं करू? तिथे जी लिहिलं तर सगळीकडे, आणि एन लिहिलं तर दर वेळी न विचारता.

"एन लावू नका, काका," मॅडम म्हणाली. "दर शब्दाला ते थांबून विचारेल. हो-नाही तुम्ही करा. वेळ लागतो, पण घोळ होत नाही."

मी मान हलवली. मनात म्हटलं, मराठीत काय बरोबर आणि काय चूक हे मला मशीनने थांबून थांबून विचारायचं?

त्या वर्षी कंपनीने कामगारांच्या लेखांचा विशेषांक काढायचं ठरवलं आणि संपादन माझ्याकडे आलं. लेख मोजकेच आले. बहुतेकांनी सुरक्षिततेवर किंवा मॅनेजरसाहेबांवर लिहिलं होतं. एक मात्र वेगळा होता. आमच्या बॉयलरवर एक पन्नाशीचा माणूस होता, तारापूरच्या पुढच्या एका कोळीवाड्यातला. सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याने आईवर लिहिलं होतं. वडिलांच्या होडीवर सुताची जाळी होती तेव्हा ती झाडाच्या सालीच्या काढ्यात जाळी उकळायची, वाळवायची, विणून सांधायची. पुढे नायलॉन आलं आणि तिचे हात रिकामे झाले. लेख त्यांच्या बोलीतच होता. एक जागा मला अजून पाठ आहे:

'आय बोलायची, सुताचं जाळं मानसासारखं हाय. त्याला सारकं औशद लागतं. नायलॉनला काय नाय लागत, म्हनून त्याची माया पन लागत नाय.'

अक्षर मोत्यासारखं नव्हतं, पण स्वच्छ होतं. एक शब्द अडला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी काय बोललो ते तुम्हाला ठाऊक आहे.

लेख वाचून माझे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी मी काय केलं, तर त्याचं शुद्धलेखन. आमच्या अंकात 'हाय' आणि 'नाय' कसं जाईल? हेड ऑफिसचे लोक काय म्हणतील? लेख टाइप झाल्यावर मी कंट्रोल क्यू ए दाबलं. 'हाय'च्या जागी 'आहे'. 'नाय'च्या जागी 'नाही'. 'आय'च्या जागी 'आई'. तिन्ही वेळा जी आणि एन. पडदा भराभर वर सरकला. मशीनने हूं की चूं केलं नाही. वरचा परिच्छेद वाचला. 'नायतर'चं 'नाहीतर' झालं होतं, झकास. बाकीचं वाचायची गरज वाटली नाही. मशीन चुकत नाही म्हटल्यावर तपासायचं काय?

अंक पेढ्यांबरोबर वाटला गेला. दादाने घरासाठी जास्तीच्या प्रती मागून घेतल्या.

मशीनने माझं अक्षरशः ऐकलं होतं. नायलॉनचं सगळीकडे 'नाहीलॉन' झालं होतं. गावचं हायस्कूल 'आहेस्कूल' झालं होतं. होडीवर राहायला जाणारे बाप-काका 'राआहेला' जात होते. दादाचा मुलगा आयटीआयला होता, तो आता मागे एक आणि पुढे एक आई घेऊन 'आईटीआई'ला जात होता. आणि त्या बाईचं सगळं आयुष्य 'आईुष्य' झालं होतं, खाली एक उकार निराधार लोंबत.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्या टेबलापाशी आला. अंक हातात, पान उघडं.

"सायेब, ह्ये आसं कसं झालं? काल आयला वाचून दाकवत होतो. पोरं जमलेली. नाहीलॉन आलं आनि सगली हसाया लागली. मी थांबलोच."

त्या क्षणी 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द पुरले असते. मी चष्मा पुसला.

"मशीन तर चुकत नाही, दादा," मी म्हणालो. "तुमचं अक्षर टायपिंगच्या वेळी लागलं नसेल."

त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. रागाने नाही. ओळखीचा माणूस खोटं बोलताना सापडावा तसं.

"आसंल," तो म्हणाला. "बॉयलरवर राहून हात थरथरतो माजा."

मग मी माझ्या परीने भरपाई केली. शुद्धिपत्र काढलं. 'सदर अंकात अनवधानाने काही मुद्रणदोष राहून गेले आहेत. सुज्ञ वाचकांनी ते दुरुस्त करून वाचावेत.' या वाक्यावर मी तेव्हा खूश होतो. आमच्या कार्यालयीन मराठीची ही मोठी सोय आहे. तिच्यात चांगल्या कामाला कर्ता असतो, फोटोसकट. चुका मात्र कुणी करत नाही. त्या उशिरा आलेल्या पाहुण्यासारख्या आपोआप राहून जातात. आणि दुरुस्ती करायची ती वाचकाने, तीही सुज्ञ असेल तरच.

कारखान्यात दादाला नाव पडलं. "नाहीलॉनभाई, चाय पिओगे?" असं उत्तरेकडचे फिटर विचारायचे. त्यांना अर्थही माहीत नव्हता, पण हसायचं कुठे ते माहीत होतं. गावातली पोरं मागून ओरडायची, "ओ नाहीलॉन! जालं हाय का नाही?" हे मला त्याच्याच पाळीतल्या एकाने हसत हसत सांगितलं. मीही हसलो. थोडंसं.

क्लासच्या मॅडमला मी अंक भेट दिला होता. तिने दादाचं पान वाचलं आणि तोंडावर हात धरला.

"काका, एन लावलात ना?"

मी जरा दूरच्या भिंतीकडे पाहिलं. ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. या वेळी हसली नाही.

"पण मुळात बदललंत कशाला? चांगलं तर बोलतंय माणूस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माज्या घरी पन आयच म्हंतात. इथे फी भरणाऱ्यांसमोर मी आई म्हणते, एवढंच."

तोपर्यंत मी स्वतःला एका घाईचा गुन्हेगार समजत होतो. एन लावला नसता, दर शब्दाला हो-नाही केलं असतं, तर सगळं ठीक झालं असतं, असं. तिथे भांड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर बसून कळलं की काळजीपूर्वक केलं असतं तरी मी तेच केलं असतं, फक्त नीटनेटकं. कुणी हसलं नसतं, म्हणून कुणाला कळलंही नसतं.

एवढं कळूनही मी गप्प बसलो. कळणं आणि वळणं यांत माझ्यासारख्याला बराच प्रवासखर्च लागतो.

गप्प बसणं अशक्य झालं ते एका रजेच्या अर्जामुळे. दादाला आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजा हवी होती. तो आमच्या खोलीत आला आणि माझ्या शेजारच्या कारकुनाला म्हणाला, "भाऊ, जरा अर्ज लिवून दे ना."

"अहो दादा, आजवर तुमचे तुम्ही लिहायचात की!"

"माजं अक्षर मानसाला लागत नाय," दादा म्हणाला. माझ्याकडे बोट न दाखवता, माझ्याकडे न बघता. त्याच्या मनात तसं काहीच नव्हतं. कारकुनाने लिहिलं, दादाने खाली सही केली, तीही घाबरत, बारीक.

घरी येऊन मी बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने भाजी निवडणं थांबवलं नाही.

"मग सांगा की त्याला."

"उद्या बॉयलरपाशी गाठून सांगतो."

"म्हणजे त्या घरघराटात तुम्ही पुटपुटणार आणि तो 'काय? काय?' करणार. हसू झालं गावासमोर, आणि माफी मागणार यंत्राआड. शोभतं हो तुम्हाला."

रविवारी मी एसटीने तारापूरच्या पुढे गेलो. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होतो. 'माझ्याकडून आपल्या लेखनास जो अनवधानाने...' इथवर आलं की एसटी खड्ड्यात जायची आणि वाक्य तुटायचं. रस्त्याचे उपकारच म्हणायचे.

दादाच्या घरापुढे बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. ओटीवर चार-पाच माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. एका कडेला त्याची आई, डोळ्यावर हिरवी पट्टी. दादा गडबडून उठला, "सायेब, तुमी इकडं?" म्हणत कुणालातरी चहा सांगितला. एकाने जाळ्यातून मान वर न काढता विचारलं, "नाहीलॉनचे सायेब काय?" बाकीचे खाली बघून हसले.

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, चहा आला असता तर पावसापाण्याच्या गोष्टी निघाल्या असत्या.

"दादा, त्या लेखाबाबत मला आपली दिलगिरी..." मी सुरू केलं.

"काय बोलतंय तो?" म्हातारीने विचारलं. "जरा मोट्यानं बोल बाबा. डोला बांदलेला हाय, आनि कान आदीच गेलेलं."

मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. ओटीवरचे सगळे आता बघत होते. दादा म्हणाला, "ऱ्हाऊंदे, सायेब."

"नाही, राहू देत नाही," मी म्हणालो. आणि मग मी जवळजवळ ओरडलो. "आजी, यांनी बरोबर लिहिलं होतं. यांचं अक्षर मला लागत होतं. एकूण एक शब्द लागत होता. तुम्ही जसं बोलता तसं यांनी लिहिलं, आणि मला त्याची लाज वाटली. म्हणून मी तुमचं बोलणं पुसून माझं घातलं. नाहीलॉन मी केलं. आणि विचारायला आले तेव्हा यांच्या हातावर ढकललं. खोटं बोललो. दादा, तुमचा हात ठीक आहे. माझं चुकलं. मला माफ करा."