तारकेच्या घरी शकुबाई

शकुबाई भाजे गावची, पण तिचा दिवस जातो खंडाळ्यातल्या एका बंगल्यात. मालक क्वचित येतो. एरवी बंगला शूटिंगला नाहीतर फोटोंना भाड्यानं जातो आणि शकुबाई फरशी पुसता पुसता नळांशी, पडद्यांशी, माकडांशी भांडत असते. आवाज दरीत घुमून परत आला की त्यालाही ती उलट उत्तर देते.

मी एका सिनेमासिकात ‘तारकेच्या घरी’ हे सदर लिहितो. त्याआधी कविता लिहायचो. त्या कुणी वाचल्या असत्या, तर मला हे काम कुणी दिलं नसतं.

आमच्या संपादक राजेश्वरीबाईंना वाचक तोंडपाठ आहे. “मुखपृष्ठ बघून बाई अंक उचलते,” त्या म्हणतात, “‘कानोकानी’तल्या भानगडींसाठी उघडते, भविष्य स्वतःचं वाचते आणि जावेचंही. पण दुपारी भांडी आवरून पाय पसरले की तिला तारकेच्या घरी जायचं असतं. घर आपल्यापेक्षा मोठं हवं आणि बाई आपल्याइतकीच.” मी एकदा ‘स्वयंपाकघरात अंधार साचला होता’ असं लिहिलं, तर त्यांनी विचारलं, “बल्ब गेला होता का?”

गेल्या उन्हाळ्यात एका नटीचं ‘सुट्टीचं घर’ म्हणून हा बंगला ठरला. नटी आली, तीन साड्यांत फोटो काढून गेली. बोलणं काही झालं नाही. सदर मात्र नेहमी तारकेच्याच शब्दांत असतं, त्यामुळे शब्द कुठून तरी आणणं भाग होतं. मी स्वयंपाकघरात शकुबाईसमोर जाऊन बसलो. तांदूळ निवडत ती सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं सांगत गेली आणि मी लिहून घेत गेलो.

“भाऊ, माझा फोटू येईल ना?” तिनं मधेच विचारलं.

फोटोग्राफर अरबाजनं तिला आधीच नटीमागे दारात उभं केलं होतं. “मावशी, तुमच्याशिवाय फ्रेम रिकामी दिसते,” तो म्हणाला होता. मीही छातीठोकपणे “येणार” म्हणालो. मासिकात माझा शब्द चालतो, असा माझा तेव्हा समज होता.

झालं. शकुबाईनं अख्ख्या भाज्याला सांगून टाकलं.

अंक निघाला तसा मी तो घेऊन मळवली स्टेशनला उतरलो आणि चालत भाज्यात गेलो. वाटेत पानं उलटून बघायचं मला सुचलं नाही. माझा लेख मी वाचत नाही, त्यात अंधार उरलेला नसतो. शकुबाईच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. शेजारच्या नंदाबाईनं अंक ओढून घेतला आणि फोटोंवरून बोट फिरवलं.

“कुटं हाईस गं तू?”

दाराच्या कडेला एक कोपर होतं. कोपराखाली हिरव्या बांगड्या. बाकीची शकुबाई छापताना कापली गेली होती.

“एवढ्यासाठी नवं लुगडं नेसलीस व्हय? कोपर तर जुन्यातबी दिसलं असतं!”

बाया हसल्या. शकुबाई हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी सह्याद्रीकडे.

मग नंदाबाईची सून प्रेरणा लेख मोठ्यानं वाचू लागली. तारका म्हणत होती की ती उठल्याबरोबर आधी नळाला शिव्या देते. तिच्या मते भात आणि सासू सारखीच, झाकण टाकलं की उतू जातात.

नंदाबाईनं तिला थांबवलं. “आगं, हिचं तर लगीनबी न्हाई झालं! मागल्या महिन्यात ‘कानोकानी’त आलतं. मग सासू कुटनं आणली?”

मग प्रेरणाच ओरडली, “आत्याबाई, ही तर शकुमावशी बोलतीया!”

पुन्हा पहिल्यापासून वाचन झालं. प्रत्येक वाक्याला बाया शकुबाईला ढोसत होत्या. सदर लिहायला लागल्यापासून माझ्या लेखाला असं हसलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. पण अब्रू वाचली म्हणून माझी जीभ सुटली.

“मावशी, बघा, चेहरा नसला तरी तुमचा आवाज आला की नाही पुस्तकात? आवाज हीच माणसाची खरी...”

“आवाज?” शकुबाई कडाडली. “माझा आवाज लोहगडावरच्या माकडांनाबी म्हाईत हाय. त्याला पुस्तक कशाला लागतंय? मला त्वांड दाखवायचं हुतं, भाऊ.”

सह्याद्री अजून तिथंच होता, मी पुन्हा त्याच्याकडे पाहू लागलो.

“आता आसं करा,” शकुबाई म्हणाली. “ह्या टायमाला त्वांड तिचं आन् बोलणं माझं झालं. फुडल्या टायमाला उलटं करा.”

“पण मावशी, ती बाई त्या दिवशी एकच वाक्य बोलली.”

“काय?”

“‘इथे रेंज का येत नाही?’”

शकुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, ओट्याच्या कडेला येऊन ताठ बसली आणि माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

“चालंल. काढा फोटू. खाली तेवढंच लिवा.”