हलीमाभाभींची उभी गाडी

शुक्रवारी सकाळी हलीमाभाभींच्या स्वयंपाकघरात गॅसचे दोन्ही बर्नर पेटलेले असत. एकावर तांदळाच्या भाकरीचा तवा आणि दुसऱ्यावर, जाळीवर मांडलेले मोटारीचे चार प्लग. भाकरी आणि प्लग त्या एकाच चिमट्याने उलटायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच, "अहो भाभी, हे काय मेलं गॅसवर!" त्या शांतपणे म्हणाल्या, "काजळी जाळते. कोरडे झाले की ठसका जातो."

भाभींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ऐंशीनंतरच्या त्या काळात मी भिवंडीत शाळेत नवीन लागले होते आणि धामणकर नाक्यामागच्या गल्लीत त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली होती. अंगणात एक जुनी निळी गाडी उभी असे. ती त्यांच्या नवऱ्याची, युसुफभाईंची. लग्नानंतर वर्षभरात ते आखातात नोकरीला गेले. जाण्याआधी महिनाभर बसून त्यांनी बायकोला गाडीची निगा शिकवली. "उभी गाडी मरते. दर जुम्म्याला चालू करायची. आलो की हिच्यात बसवून तुला कशेळीच्या खाडीवर नेतो," असं सांगून गेले. गाडी चालवायला मात्र शिकवलं नाही.

आमच्या गल्लीत घरोघरी लूम, म्हणजे यंत्रमाग, त्यामुळे हवेत कायम रुईचे तंतू. ते गाडीच्या जाळीत जाऊन बसायचे, पावसाळी ओल वायरींत शिरायची आणि इंजिन अडखळू लागायचं. मेकॅनिक त्याला 'मिसिंग' म्हणतात, भाभी 'ठसका' म्हणायच्या. चार प्लगांपैकी एक जण कामचुकारपणा करतोय, एवढं त्यावरून कळायचं. कोण, ते शोधायला दोन माणसं लागतात, म्हणून माझी नेमणूक झाली. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे इंजिन नीट ऐकू यायचं. मी आत बसून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा. "पाय हलवायचा न्हाय, सुमन. तू हललीस तर मला खोटं कळंल," ही ताकीद.

मग ओढणी कमरेला खोचून, जाड कोरड्या फडक्यात धरून त्या एकेका प्लगची वायर उपसत. पहिली काढली, इंजिन थरथरलं, म्हणजे तो कामाचा. वायर परत जागेवर. दुसरी काढली, थरथरलं. तिसरी काढली आणि इंजिनाला पत्ताच नाही! "हा बग," त्या म्हणत. "ज्याची वायर काढून गाडी हलत न्हाय, तो मेलेला." मग त्या प्लगची फट, वायरीचं टोक, सगळं तपासायचं, पण एका वेळी एकच गोष्ट. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मी म्हणायचे, "सगळंच बदलून टाका ना एकदम!" "मंग दुखणं कुठं होतं ते कवाच कळणार न्हाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आखातातल्या नोकरीचा दोन वर्षांचा करार वाढत वाढत सात वर्षांचा झाला. मध्ये एकदाच युसुफभाई पंधरा दिवस येऊन गेले, तेव्हा गाडी काढायला त्यांना सवड झाली नाही. टायर एका जागी बसू नयेत म्हणून महिन्यातून एकदा आम्ही दोघी ती हातभर पुढे ढकलत असू आणि पुन्हा मागे. तेवढाच तिचा प्रवास.

मग पत्र आलं, तेही भाभींना नाही, त्यांच्या दिराला, सलीमला. युसुफभाईंनी तिकडे दुसरा संसार मांडला होता. ते परत येणार नव्हते, गाडी विकून टाकावी. सलीम रविवारी गिऱ्हाईक आणणार असं ठरलं. शुक्रवारी भाभींचे प्लग तव्याशेजारी होतेच. माझं मात्र डोकं फिरलं. रविवारी दुपारी त्या नमाजाला बसल्या असताना मी गुपचूप बॉनेट उघडलं आणि तिसऱ्या प्लगची वायर सैल करून ठेवली. म्हटलं, घेऊन दाखवा आता!

गिऱ्हाईक कशेळीकडचा एक गोदामवाला होता. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी ठसकू लागली. "इंजन गया है, भाई," तो सलीमला म्हणाला आणि उतरू लागला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. तोच भाभी पडदा सारून बाहेर आल्या. परक्या पुरुषापुढे कधी न येणारी ती बाई सरळ बॉनेटपाशी गेली. "सुमन, बस," म्हणाल्या. बसले, काय करणार! पहिली वायर, दुसरी, तिसरी. तिसरीला त्या थांबल्या. बॉनेटच्या बाजूने वाकून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते सैल टोक दाबून घट्ट बसवलं. इंजिन एका सुरात चालू लागलं.

"मक्खन! किसने संभाली?" गोदामवाल्याने विचारलं.

"भाईनं," सलीम म्हणाला.

"मी," भाभी म्हणाल्या.

सौदा ठरला आणि गाडी फाटकाबाहेर पडली. ती धावते कशी, हे भाभींनी सात वर्षांनी पाहिलं. नाक्याकडे वळल्यावर लूमच्या खडखडाटात मला काही ऐकू येईना, पण त्या कान देऊन उभ्याच होत्या. "चारी चालतात," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं आणि संतापही आला. "कशाला नीट केलीत? राहिली असती ना गाडी!"

"माझ्या हातची गाडी खोटी ठसकंल? सात वर्सांनी?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू पाय हलवलास, सुमन."

मी मान खाली घातली. पण जीभ कुठली गप्प बसतेय! "मग तुमच्या त्या युसुफभाईंचीही वायर काढून टाका आता. मेलेलाच प्लग तो."

भाभी अंगणातल्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या.

"काढून बघते ना. पत्र आलं तवापासनं रोज बघते."

"मग?"

"हलतंय गं अजून सगळं."