निजलेल्या कढईचा हिशेब

श्रावणातल्या त्या सकाळी पदेर, आमचा पाववाला, नुकताच येऊन गेला होता. गरम उंडे पाव टोपलीत झाकून मी चहाचं आधण चढवत होते, एवढ्यात रश्मीचा, माझ्या भाचीचा फोन आला. "आत्ये, बाबा उठना गे," एवढंच ती म्हणाली आणि पुढे नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. मी आमोण्याला दिलेली, माहेर पेडणे तालुक्यात. डिचोली, म्हापसा करत पोचायला अर्धा दिवस जातो. त्या सगळ्या वाटेत मला रडू आलं नाही, राग येत राहिला. दादाचा, त्याच्या हट्टाचा, कचेऱ्यांचा आणि आणखी कुणाकुणाचा. आता इतके आठवडे उलटले तरी तो राग काही उतरलेला नाही आणि मी त्या रागासकटच हे लिहायला बसले आहे. लेख कुठे कडू लागला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माझा दादा आत्माराम जत्रेत खाजें करून विकायचा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, बेसनाच्या बोटभर लांब कांड्या तळायच्या आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात तीळ टाकून घोळवायच्या, की झालं खाजें. सांगायला सोपं आहे, पण पाक एका क्षणाने पुढे गेला की दात मोडतात आणि मागे राहिला की कागदाला चिकटतो. आमचे आजोबा हेच करत, वडील हेच करत. कार्तिकापासून वैशाखापर्यंत दादा या गावच्या जत्रेतून त्या गावच्या जत्रेत फिरायचा, बरोबर शेवंती वहिनी, ताडपत्री आणि ती भलीमोठी कढई. गिऱ्हाइकाची थट्टा केल्याशिवाय त्याचा हात चालत नसे. नवं जोडपं आलं की नवरीकडे बघत वहिनीला ओरडून सांगायचा, "गे, ह्या नव्या व्हंकलेक चार कांडयो चड घाल, सासू तोंड गोड करूक सांगतली." मी पाळी गावच्या शाळेत मास्तरीण होते. तिथल्या जत्रेत मी दिसले की मोठ्याने म्हणायचा, "मास्तरीणबाय इली, आता वजन बरोबर करूक होया." सगळी रांग हसायची आणि मी आपली पदराने तोंड पुसत पुढे व्हायची. मला त्याचा तेव्हा संताप यायचा, हेही खरं.

वैशाखात शेवटची जत्रा झाली की घरी एक विधी असे. कढई राखेने घासून लख्ख करायची, मागच्या खोलीत चुलीवर पालथी घालायची, तिला हळदकुंकू लावायचं आणि दिवा दाखवायचा. मग दसऱ्यापर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. कढई निजली, असं आमच्या घरात म्हणत. त्या पावसाळ्याच्या महिन्यांत धंद्याबद्दल बोलताना एक पथ्य होतं. कुणी विचारलंच, काय रे, धंदा आहे का, तर "निजली आसा" एवढंच सांगायचं. "नाही" म्हणायचं नाही, "बंद" म्हणायचं नाही. निजलेल्या माणसाला गेला म्हणाल का, असं वडील विचारायचे. लहानपणी मी एकदा शाळेतून येऊन बोलून गेले होते, की आपल्याकडे आता काहीच धंदा नाही. वडिलांनी मारलं नाही, पण त्या रात्री ते जेवले नाहीत. दादा माझ्यापेक्षा थोडासाच मोठा, तोही तेव्हा तिथेच होता. ते त्याच्या मनात इतकं खोल जाऊन बसलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग कोरोना आला. जत्रा बंद झाल्या. देवळात पुजारी आणि दोन मानकरी, एवढ्यांवर पालखी निघाली. दसऱ्याला दादाने कढई उचललीच नाही, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, "निजूं दी आणीक थोडी." फोनवर त्याचा आवाज इतका लहान झाला होता की मी मुद्दाम शेजाऱ्यांच्या कागाळ्या सांगत बसले. मला हे सगळं नवीन नव्हतं. पाळीला असताना खाणी बंद झालेल्या मी पाहिल्या होत्या. अंगणात गवतात रुतलेले ट्रक, आणि वर्गात फी मागताना खाली बघणारी पोरं. तेव्हाही मदतीच्या घोषणा झाल्या होत्या. ज्याच्या नावावर ट्रक होता त्याला काही ना काही मिळालं. ट्रकचं चाक बदलणाऱ्याला, चहा देणाऱ्याला कुणी विचारलं नाही, कारण ते कुठल्या कागदावरच नव्हते.

म्हणून जत्रा पुन्हा सुरू होणार असं कळलं आणि पंचायतीच्या हॉलमध्ये धंदे नोंदवण्याचं शिबिर भरलं, तेव्हा मीही दादाला जा म्हटलं. सरकारला अर्थव्यवस्था रुळावर आणायची होती. छोट्या धंद्यांना कमी व्याजाने भांडवल मिळणार होतं, फक्त धंदा नोंदलेला हवा, जीएसटीचा नंबर हवा. खरं तर दादाचा धंदा इतका लहान की कायद्याने त्याला कर लागूच नव्हता. नंबर घेतला तो केवळ मदत मिळावी म्हणून. पण तो काय खूश झाला होता... रंगाऱ्याकडून दुकानाच्या पाटीवर तो लांबलचक नंबर लिहून घेतला. मी म्हटलं, वाचणार कोण हा? तर म्हणतो, "सरकाराक आता म्हायत आसा, पेडण्यात आत्माराम म्हणान एक खाजेकार आसा." नवी ताडपत्री आली, गूळ आला. तो हंगाम उत्तम गेला, लोक दोन वर्षांचे उपाशी असल्यासारखे जत्रेला लोटले. पेडण्याच्या एक करसल्लागार बाई होत्या, त्या दर महिन्याला त्याचं विवरण भरून देत. घेतलेलं भांडवल त्याने त्याच हंगामात फेडूनही टाकलं. वैशाखात कढई निजली.

आणि इथे सगळं बिघडलं. धंदा असो नसो, विवरण दर महिन्याला भरावंच लागतं. विक्री झाली नसेल तर शून्य लिहून भरायचं. सल्लागार बाईंनी फोन करून त्याला तेच सांगितलं. भरण्याआधी त्याच्या फोनवर सांकेतिक आकडे येतात, ते त्याने वाचून दाखवायचे, बस्स. दादाने वाचून दाखवले नाहीत. बाईंना वाटलं, त्याला समजलं नसेल. त्यांनी मला कळवलं. मी चतुर्थीच्या खरेदीच्या निमित्ताने माहेरी गेले. तो जनेलाच्या गजांशी बसून, गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी रानातून आणलेली फळं वेगळी करत होता.

"शून्य लिहायला तुला काय होतं?" मी विचारलं.

"निजल्या कढयेक शून्य म्हणू? माझ्या तोंडान?"

"तोंडाने कुठे, बाई लिहितायत."

"नंबर माझो न्हय मगे? म्हटल्यार तोंडय माझांच."

मी चिडले. तिसरी-चौथीच्या पोरांना शून्य शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. शून्य म्हणजे काही वाईट नाही, जागा धरून ठेवणारा आकडा आहे तो, असं काय काय मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता. वहिनी पाट्यावर खोबरं वाटत होती, तिचा हात थांबला. शेवटी दादा म्हणाला, "बाय, तुजां शिकप म्होठां. पण बापायन सांगल्लां तू इसरलंस, मी ना." मी कपाळाला हात लावला आणि परत आले.

दसऱ्याला त्याने कढई उचलली, पहिला घाणा देवळात नेला, आणि पहिल्याच जत्रेला त्याची जागा गेली. आता जागा वाटताना नंबर तपासत होते, आणि त्याचा नंबर खात्याने रोखून ठेवला होता. पिंपळाखालची ती जागा, जिथे आजोबांच्या चुलीचे दगड होते, तिथे प्लास्टिकची खेळणी लागली. तो सामान घेऊन तसाच परतला. मी त्याला कचेरीत घेऊन गेले. तिथला अधिकारी भला माणूस होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाला, "मामा, दंड फारसा नाही. मागचे महिने शून्य दाखवा, नंबर मोकळा होईल." दादाने हात जोडून विचारलं, "निजली आसा म्हणान बरोवक जाता?" अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळेना हसावं की काय करावं. तसं लिहायला रकानाच नव्हता त्याच्याकडे. सरकारची तिजोरीही त्या काळात रिकामी झाली होती, ती भरायची म्हणून वसुलीचा जोर होता, हे सगळं मला समजतं. बुडालेल्या मोठमोठ्या धंद्यांना मिळालेल्या सवलती मी वर्तमानपत्रात वाचत होते, त्यांचीही गरज असेल. पण वर्षाचा निम्मा काळ निजणारा धंदाही असतो, आणि तो निजला म्हणून मेलेला नसतो, एवढं कुणाच्या ध्यानात येऊ नये? माझा जीव यावर तुटतो.

दादा काही वाकला नाही. मी त्याला मूर्ख म्हटलं, तोंडावर म्हटलं. रश्मी नव्या विमानतळावर नोकरीला, तिने बापाला समजावून पाहिलं, गुपचूप भरून टाकू म्हणाली, पण आकडे त्याच्याच फोनवर येणार आणि तो फोन कमरेला बांधून झोपायचा. लहान लहान जत्रांत, जिथे कुणी विचारत नव्हतं, तिथे काही दिवस त्याने धंदा केला. मग तिथेही नंबर विचारू लागले. मागच्या हंगामात कढई दसऱ्याला उठली, देवळापुरता एक घाणा काढला आणि पुन्हा पालथी झाली. दादा जत्रेला मात्र जायचा, नुसताच. पाळीच्या जत्रेत मी त्याला दुसऱ्याच्या दुकानासमोर उभं पाहिलं. गर्दीत, हात मागे बांधून, उकळत्या पाकाकडे बघत होता. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

आमची शेवटची भेट आषाढातली. खूप वाळला होता. पावसाची झड चालू होती, आम्ही दोघं मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. मग तोच म्हणाला, "तू सांगता तसां शून्य बरयल्यार पिंपळासकयलो जागो परत मेळतलो?"

"मिळेल ना दादा. नक्की मिळेल."

"आनी कढय? ती उठतली?"

मला खोटं बोलता आलं असतं. मुलांना मी किती वेळा खोटा धीर दिला आहे. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी उंबऱ्यावर उडालेलं पाणी पदराने टिपू लागले. तो उठला, मला म्हणाला, पाऊस ओसरलाय तोवर बस गाठ. ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

बारावं-तेरावं झाल्यावर राहिलेल्या विवरणांबद्दल खात्याची सूचना आली. वहिनी मला म्हणाली, "बाय, तो नंबर बंद करुया. माका त्याचा भय दिसता." कढईचं काय, असं मी विचारलं. तर म्हणाली, पाक तिला येतो, पण ती उचलायचा मान तिचा नाही, रश्मीला नको आहे, आणि तिच्या अंगात ती एकटीने उचलण्याचं बळही नाही. हे सगळं तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. आम्ही दोघी पेडण्याला सल्लागार बाईंकडे गेलो. बाई फार हळुवारपणे बोलत होत्या. नंबर बंद करायचा तर राहिलेले सगळे महिने आधी भरावे लागतील, म्हणाल्या. दादाचा फोन वहिनीने पिशवीतून काढून मेजावर ठेवला.

बाई महिन्याचं नाव घ्यायच्या, शून्य लिहायच्या, फोन थरथरायचा, आणि वहिनी एकेक आकडा वाचून दाखवायची. ती फारशी शिकलेली नाही, सावकाश वाचते. जे त्याने कुणाच्या बापाला म्हणून दिलं नाही, ते ती देत होती, ज्येष्ठ, आषाढ, मागचा श्रावण, असं मनात आपल्या महिन्यांत मोजत. प्रत्येक वेळी फोनवर आभाराचा संदेश यायचा, दादाच्या नावाने. बाहेर बस येऊन जात होत्या. मी खाली मान घालून बसले होते, मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी या श्रावणाचा महिना आला. बाईंनी सवयीने विचारलं, "ह्या महिन्यात काही विक्री?"

वहिनी म्हणाली, "ह्या म्हयन्यात तो गेलो. तां खंय बरयतात?"

बाईंनी पडद्यावर वरून खाली पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "तसं नाही लिहिता येत, वहिनी. शून्यच घालावं लागेल."

वहिनीने चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि आकडे वाचायला सुरुवात केली.