एकोणचाळीसचा ताप

तमाम जावई, सासरे आणि ताप येऊ शकणाऱ्या सर्व नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आपल्याकडं उन्हाचा आकडा वेगळा आणि तापाचा वेगळा. ऊन बेचाळीस असतं, ताप एकशे दोन असतो, आणि दोघांची कधी गाठ पडत नाही. आमच्या सासुरवाडीत, लोहाऱ्याजवळच्या खेड्यात, ती यंदाच्या मे महिन्यात पडली.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होते. घरातला काचेचा थर्मामीटर फुटलेला, म्हणून मी आकडे दाखवणारा नवा नेला होता. तो काखेत टुकटुकला. मी ऐटीत वाचलं, "एकोणचाळीस पॉइंट चार."

"आन् बाहीर किती हाय?" मामांनी विचारलं.

मी मोबाइल पाहिला. "बेचाळीस."

"मंग! म्या तर उनापरीस गार हाय. एकोणचाळीसला आमी पंखाबी लावत न्हाय, आन् तुमी दवाखाना काढलाय, जावईबापू!"

मामी नुकत्याच शेतातून तुरीची धसकटं वेचून आल्या होत्या. चेहरा लालबुंद. "आवो, अंग भट्टीवानी लागतंय," त्या म्हणाल्या.

"तू गप. सकाळधरनं ऊन ऊन करायलीस. बेचाळीस म्हंजे काय लई?"

मला हसू आवरेना. पण मामींनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत नुसती भीती होती. हसू जिथल्या तिथं विरलं. मामा तापानं फणफणले होते, आणि माझ्या नव्या यंत्रानं त्यांना दवाखान्यात न जायला झकास कारण दिलं होतं.

मग मी खडूनं फरशीवर सेल्सियसचं फॅरनहाइट करायचं गणित मांडलं. नवानं गुणा, पाचानं भागा, बत्तीस मिळवा. याच सूत्रापायी शाळेत मी कोंबडा झालो होतो. एकदा चुकलं, उत्तर आलं त्यात मामा केव्हाच उकळून गेले असते. पुन्हा मांडलं आणि ओरडलोच, "मामा, हा आपला एकशे तीनचा ताप हो!"

"एकशे तीन?" मामा ताडकन उठून बसले. "आगं, माज्या चपला कुठं हायत?"

लोहाऱ्याच्या जीपमध्ये ते मामींच्या आणि माझ्या मध्ये, घोंगडीत गुंडाळलेले. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, त्या हिशेबानं आजचं ऊन किती भरंल?"

मी बोटांवर, ओठांवर, शेवटी मोबाइलवर हिशेब केला. "एकशे साडेसात."

मामांनी मामींच्या रापलेल्या हातांकडं पाहिलं, आणि सगळी जीप वळून बघेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "एकशे साडेसातात तू धसकटं येचत हुतीस? आगं, मंग आदी तुलाच सुई द्याया पायजे!"