भासऱ्यांचा खर्रा

पानठेल्यावर कुणी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटू लागलं आणि त्याचा वास आला, की मला डॉक्टरबाईंची खोली आठवते. "फक्त गाठ काढून रेडिएशन देऊ, किंवा पूर्ण स्तन काढू. तुम्हाला दोन्हींनी गुण सारखाच येईल. तुम्हाला काय हवं?" शेजारी भासरे, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, बसलेले. त्यांच्यासमोर तो शब्द ऐकूनच मी पदर पुढे ओढला. घरात सून आलेली असताना ठेवायचा आहे म्हणू कशी? "तुमीच ठरवा," मी पुटपुटले. तेवढ्यात भासरे उठले. "मॅडम, मी खर्रा खाऊन येतो. तुमी तिले निवांत विचारा." दार लागल्यावर मी म्हणाले, "मले ठेवायचा आहे." मी बाहेर आले, तर ते भिंतीकडे तोंड करून नुसतेच उभे होते. जन्मात सुपारीलाही न शिवलेला माणूस! माझी मान वर होईना. आजही तो वास आला, की हात आधी पदराकडे जातो.